शहाण्णव पानांची वरची ओळ

माझा स्वभाव तापट आहे, हे मला कुणी वेगळं सांगायला नको. सासरी डिंगोऱ्यात ते सगळ्यांना ठाऊक होतंच. ओतूरला एसटी स्टँडासमोर मी डीटीपीचं दुकान टाकलं तेव्हा गिऱ्हाइकांनाही कळलं. "ताई, अक्षर जरा मोठं करा ना" असं कुणी चौथ्यांदा म्हणालं की माझा आवाज चढायचा. तरी लोक यायचे. लग्नपत्रिका लावावी तर मीच, अशी माझी ख्याती झाली होती आणि ती मी खरी मानली होती. घोडेगावाहून माणसं पत्रिका घेऊन यायची. त्या कामात माझा हात बसला होता, आणि त्या बसलेल्या हातानंच पुढं माझा घात केला.

सीडी खिशातून नेता येते याचं आम्हाला अजून अप्रूप होतं, तेव्हाची ही गोष्ट. शेजारी कापडाचं दुकान होतं. घर मूळचं राजस्थानातल्या जैनांचं, पण तीन पिढ्या ओतुरात गेलेल्या, बोलणं आमच्यासारखंच गावठी. त्या घरातल्या शेठाणीकाकू एका दुपारी आल्या, पंख्याखालच्या खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, "पोरी, तुज्या मशिनमधी माजी गानी घालायची हायेत."

काकूंचं वर्षीतप चालू होतं. एक दिवस उपास, त्यात दिवस मावळेपर्यंत फक्त उकळून गार केलेलं पाणी. दुसऱ्या दिवशी दोनदाच बसून जेवण. परत उपास. असं तेरा महिने, आणि अक्षय तृतीयेला उसाचा रस घेऊन पारणं. पारण्याला आलेल्या प्रत्येकाच्या हातात काहीतरी द्यायची त्यांच्यात रीत आहे. कुणी स्टीलचा डबा देतं, कुणी पूजेची पेटी. काकूंना पुस्तक द्यायचं होतं. त्यांच्या आईची भक्तीची गाणी कुठंच लिहिलेली नव्हती, ती फक्त काकूंच्या तोंडात उरली होती. "माज्यामागं कोन म्हननार? सुनांना टीव्हीतली येत्यात," त्या म्हणाल्या. पारण्याच्या दिवशी ती गाणी माणसांच्या हातात पडावीत, तेरा महिन्यांच्या उपासापोटी एवढंच त्यांनी मागितलं होतं.

मोठ्या मुलाला हे काम पुण्याला द्यायचं होतं. माझ्यासमोरच तो म्हणाला, "आई, तिकडं प्रोफेशनल लोक हायेत." काकूंनी त्याला एका वाक्यात गप्प केलं. "पुन्याचा मानूस माजं गानं ऐकत बसंल का?"

ऐकत बसायला लागायचंच, कारण काकूंना वाचता येत नव्हतं. सही यायची, आकडे यायचे, बस्स. त्या म्हणायच्या आणि मी टाइप करायची. मग मी वाचायची आणि त्या डोळे मिटून ऐकायच्या. वाचताना थुंकी उडू नये म्हणून तोंडापुढं पदर धरायचा, हा त्यांचा नियम. एका हातात पदर, एका हातात माउस, आणि बाहेर कंट्रोलर कर्ण्यावरून गाड्या पुकारतोय, असं आमचं प्रूफ तपासणं चालायचं. चुकलेली प्रिंट चुरगाळून टाकायचीही सोय नव्हती. देवाचं नाव छापलेला कागद रद्दीत जाणं म्हणजे पाप, आणि त्याच्यात कुणी भेळ बांधली तर विचारूच नका. वाया गेलेला एकेक कागद काकू फडक्यात बांधून घरी न्यायच्या. सुरुवातीला मला याचा वैताग यायचा. पुढं पुढं मीच त्यांच्यासाठी कागद बाजूला काढून ठेवायला लागले.

त्यांची एकच अट होती. "परत्येक पानाच्या वर नवकाराची पयली ओळ पायजे. तिच्याबिगर पान उघडं दिसतं."

जैनांच्या नवकार मंत्राची ती पहिली ओळ मी घातली. कुठं घातली, तर अगदी वर, कडेला चिकटून, पत्रिकेवर कुलदैवताचं नाव घालते तिथं. पत्रिकेचं कार्ड कापूनच आलेलं असतं. त्यावर छापलं की काम संपलं, पुढं त्याला कुणी सुरी लावत नाही. पुस्तकाचं तसं नसतं. मोठ्या कागदावर सोळा सोळा पानं छापतात, घड्या घालतात, बांधतात आणि शेवटी तिन्ही बाजू कापतात. हे मी ऐकलेलं होतं, पण हाताला त्याची सवय नव्हती.

पारण्याला पंधरा दिवस उरले असताना मी सीडी घेऊन पुण्याच्या प्रेसमध्ये गेले. तिथल्या मुलीनं फाइल उघडली आणि पडद्यावर नुसत्या चौकटी आणि चिन्हं आली. माझा मराठी फॉन्ट त्यांच्याकडं नव्हता, आणि तो चालायचा फक्त माझ्या कॉम्प्युटरच्या मागं लावलेल्या बोटभर इलेक्ट्रॉनिक कुलपावर, डाँगलवर. ती हसून म्हणाली, "मॅडम, हे चायनीज आहे का?" मी सीडी उचलली आणि परत फिरले. राजगुरुनगर येईपर्यंत मनातल्या मनात तिला मी काय काय ऐकवलं ते लिहिण्यासारखं नाही.

दुसऱ्या दिवशी अख्खा सीपीयू गोधडीत गुंडाळून मांडीवर घेतला आणि पुन्हा एसटीत बसले. कंडक्टर म्हणाला, "ताई, लेकराचं अर्धं तिकीट काढा." सगळी गाडी हसली, मी नाही. खेडच्या घाटात प्रत्येक वळणाला मी तो डबा छातीशी घट्ट धरत होते. आत हार्ड डिस्क हलली तर सगळी गाणी गेली, दुसरी प्रत त्या निरुपयोगी सीडीवर, आणि काकूंना पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लावायला दिवस कुठं होते?

सीपीयू चालला. पानं बरोबर दिसली. तेव्हा प्रेसमधला वयस्क माणूस पट्टी घेऊन आला, पानाच्या वरच्या कडेला टेकवून म्हणाला, "ही ओळ फार वर आहे हो. कटिंगला जागा सोडलीय ना?"

दोन दिवसांचा अपमान माझ्या घशाशी आला होता. मी म्हणाले, "दहा वर्षं हेच करतेय मी. सगळं मोजून लावलंय."

दहा वर्षं हे खोटं होतं, चारच झाली होती. आणि मोजली होती ती गाण्यांची जागा. वरची ओळ माझ्या मोजणीतच नव्हती. त्यानं खांदे उडवले आणि पट्टी ठेवून दिली.

मग नुसती वाट पाहणं. प्रेसला फोन केला की कधी वीज नाही, कधी बाइंडिंगवाला आला नाही. काकू रोज खिडकीतून विचारायच्या, "आलं का गं?" आणि मी रोज "येईल, येईल" म्हणायची. त्या वाळल्या होत्या. शेवटचे दोन दिवस त्यांनी सलग उपास धरला होता.

पारण्याच्या आदल्या दिवशी दुपारी टेंपोतून गठ्ठे उतरले. मुखपृष्ठ इतकं सुरेख आलं होतं की मी एकटीच हसले. मग पान उघडलं.

वरच्या ओळीचं डोकं उडालं होतं. शिरोरेषा कापली गेली होती, खाली अक्षरांचे नुसते पाय उरले होते. दुसरं पान तसंच, तिसरं तसंच. दुसरी प्रत काढली, पाचवी काढली, दहावी काढली. शहाण्णव पानं, आणि प्रत्येक पानावर वर तेवढे पाय.

काकूंचा मुलगा आला. त्यानं पाहिलं आणि तो रागावला नाही, त्याची मला जास्त भीती वाटली.

"परत छापून व्हईल?"

"उद्या सकाळपर्यंत? नाही."

छापलेली टाकून देताही येणार नव्हती. त्यानं पुस्तक मिटलं. मग आवाज खाली आणून म्हणाला, "आईला वाचता येत नाय. वेलबुट्टी हाय म्हनून सांगू. दोन दिवसाचा उपास हाय तिला, ताई. ऐकलं आन रसच घेतला नाय तर? काय बोलू नका तुमी."

मी मान हलवली. काकूंच्या जिवाची काळजी होतीच. पण त्याहून जास्त काळजी माझ्या नावाची होती, हे मी तेव्हा स्वतःशीही कबूल केलं नाही.

काकू आल्या. पुस्तक दोन्ही हातांनी घेतलं, कपाळाला लावलं, उघडलं आणि वरच्या कडेवरून बोट फिरवलं. "ही नक्षी लई बारीक काढली गं," त्या म्हणाल्या.

मी फरशीकडं बघत राहिले. त्या दिवशी मी लवकर दुकान बंद करून डिंगोऱ्याला गेले आणि घरात कुणाशी धड बोलले नाही.

सकाळी त्यांच्या दारातला मांडव भरला होता. आलेल्या प्रत्येकाच्या हातात पुस्तक होतं. काकू पाटावर बसल्या होत्या, चेहरा अगदी एवढासा झालेला. मुलानं रसाचा पेला पुढं केला. काकूंनी हात वर केला.

"थांब. आदी पोरगी पयलं पान वाचंल. समदं तिच्याच तोंडानं ऐकलंय मी."

मी उभी राहिले, तोंडापुढं पदर धरला. ती ओळ मला पाठ होती. न बघता म्हणता आली असती. पण समोर सगळ्यांच्या मांडीवर तेच पान उघडं होतं, आणि काकूंनी नेहमीसारखे डोळे मिटले होते. माझी नजर त्या कापल्या ओळीवरच अडली.

"वाच की."

मुलगा माझ्याकडं रोखून बघत होता. मी पदर खाली घेतला.

"काकू, वरची ओळ वाचता येत नाही. कापली गेलीय. नक्षी नाही ती. प्रेसवाल्यानं मला विचारलं होतं, मी ठोकून दिलं. चूक माझी आहे."

काकूंनी डोळे उघडले. "किती पानांवर?"

"सगळ्या."

"शहान्नव?"

"शहाण्णव."

"आई, आदी रस घे," मुलगा म्हणाला. काकूंनी पेला बाजूला सारला.

त्यांनी पुस्तक मांडीवर घेतलं, पहिल्या पानावरच्या कापल्या ओळीवर बोट ठेवलं आणि ती ओळ मोठ्यानं म्हटली. पान उलटलं, पुन्हा म्हटली. तिसऱ्या पानाला शेजारच्या बायका म्हणू लागल्या. मग सगळा मांडव एकदम पान उलटायचा आणि एकदम म्हणायचा. काकू पानाचा आकडा बघायच्या आणि पुढं सरकायच्या. एकही पान त्यांनी सोडलं नाही. चाळिसाव्या पानापर्यंत त्यांचा आवाज बसला, एका बाईनं पाठीला हात लावला. ऊन मांडवात शिरलं होतं. पेला धरून उभ्या मुलाच्या मनगटावर रस सांडत होता. आता पुरे, असं मला ओरडावंसं वाटत होतं. मीही म्हणत होते.

शहाण्णवावं पान झालं. काकूंनी पुस्तक मिटलं, हात पुढं केला आणि घोट घोट रस घेतला.

मग त्यांनी मला जवळ बोलावलं. सगळे ऐकत होते.

"ओळीचं काय न्हाई गं, ती आमी भरली," त्या हळू म्हणाल्या. "काल मी नक्षी म्हनले, तवा तू गप बसलीस. मला वाचता येत नाय, म्हनूनच तर तुला बशिवलं व्हतं."

मी तिथंच, सगळ्यांसमोर, रडले.