मोहाच्या झाडाखालचा काळा डबा

ग्रुपमधल्या नवीन हौशी मंडळींनो, हे तुमच्यासाठी.

आपला खेळ साधा आहे. डबा लपवायचा, लोकेशन अ‍ॅपवर टाकायचं, दुसऱ्यानं तो शोधून आतल्या चिठ्ठीवर सही करायची. अक्कल लागते ती फक्त जागा निवडताना. तेवढीही नाही काही जणांकडे.

आज सकाळी आलापल्लीजवळ एक नवीन डबा शोधायला गेलो. रस्त्यावरच मोहफुलं वेचायला निघालेल्या बाया रिकाम्या टोपल्या घेऊन उभ्या होत्या. त्यातली एक म्हणाली,

"भाऊ, पुढं नोका जाऊ. आमच्या मोहाखाली कोनं तरी डब्बा ठेवला. काळी पट्टी गुंडाळून हाये. पोलिसाले बलावलं."

गडचिरोलीत, काळ्या टेपात गुंडाळलेला स्टीलचा डबा! खेळातला असेल, असं मी पोलिसांना सांगितलं. तरी त्यांना तपासावाच लागला. आत निघाला प्लास्टिकचा वाघ आणि "अभिनंदन!" लिहिलेली चिठ्ठी. तोवर झाडाखाली पडलेली मोहफुलं ढोरं खाऊन गेली होती.

लपवणाऱ्या शहाण्याला फोन लावला. म्हणे, "टेप पाणी जाऊ नये म्हणून लावली, सर. अन् विचाराचं कोनाले? जंगल तर सगळ्यांचंच आहे."

अरे बाबा, कोणतं मोहाचं झाड कोणत्या घरचं, हे इथलं शेंबडं पोरही सांगतं. तुले एकदा थांबून विचारता नाई आलं?

वर मलाच विचारतो, "सर, पहिला शोधणारा म्हणून कोनाचं नाव टाकू?"

म्हटलं, त्या मोहवाल्या बाईचं टाक. नाव मले माहीत नाई. गावात जा, अन् तिलेच विचार.