गेटासमोरची फ्लॅशरबाई

अक्काने आयुष्यात कुणालाही माफ केलं नाही. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही, कौतुकानं सांगते आहे. माफ करणारी माणसं मी पुष्कळ पाहिली. त्यातल्या निम्म्यांच्या काही लक्षातच राहत नाही आणि उरलेल्यांना भांडायचा कंटाळा असतो. अक्काच्या सगळं लक्षात राहायचं आणि कंटाळा तिला माहीत नव्हता. राजगुरुनगरच्या स्टँडवर एका वडापवाल्याने तिला पुढच्या सीटवरून उठवून स्वतःच्या मेव्हण्याला बसवलं, तेव्हापासून ती त्याच्या जीपमध्ये चढली नाही. तेवढ्यावर थांबली असती तर ती अक्का कसली! रोज सकाळी ती त्याच्या जीपपाशी उभी राहायची आणि येणाऱ्या उतारूंना सांगायची, "हिचा ब्रेक लागत न्हाई म्हणं, मागची रिकामी हाय, चला." शेवटी त्या माणसाने स्टँडची दुसरी बाजू धरली.

आमची ओळख चाकणच्या कंपनीतली. तिथे आम्ही बायका मोटारसायकलच्या वायरींचे जुडगे बांधायचो. कंपनीत त्याला हार्नेस म्हणतात. समोर एक मोठी फळी असते, तिच्यावर वायरींचे मार्ग आखलेले असतात, आणि कुठल्या सॉकेटच्या कुठल्या भोकात कुठली वायर जायची, त्याचं चित्र चिकटवलेलं असतं. नवी मुलगी आली की तिला अक्काच्या शेजारी उभं करत. मलाही तसंच केलं. इंडिकेटरची उघडमीट करवणारी जी काडेपेटीएवढी डबी असते, त्या फ्लॅशरचं सॉकेट भरायला तिने मला शिकवलं. "दोनच वायरी हायेत शैले. एक करंट आणणारी, एक दिव्याकडं नेणारी. अदलाबदल झाली की फ्लॅशर गप बसतो. माणसासारखा बोंबलत न्हाई, म्हणून आपण बघायचं."

आमच्या सुपरवायझरलाही तिनेच शिकवलं होतं. तो हेल्पर म्हणून आला तेव्हा त्याला टेप गुंडाळता येत नव्हती. अक्काच्या डब्यातली भाकरी खाऊन तो शिकला, कायम झाला, सुपरवायझर झाला आणि त्याने ताटलीएवढं मोठं घड्याळ घेतलं. तेव्हापासून आमच्यात त्याचं नाव घड्याळवाला. माणूस वाईट नव्हता, असं पुष्कळजण म्हणतात. मी म्हणत नाही.

एके दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्याने आमच्या फळीवरचं फ्लॅशर सॉकेटचं चित्र बदललं. नवं चित्र समोरून पाहिलेलं होतं आणि वायरी तर आम्ही मागून भरतो. समोरून जी डावी, ती मागून उजवी. अक्काच्या एका नजरेत ते आलं. ती सगळ्यांदेखत म्हणाली, "बाळा, हे पुढून काढलंय. आमी मागून भरतो. सगळा माल उलटा जाईल." तो घाईत होता, वरून माल लवकर मागत होते. "कागदावर आहे तसं भर अक्का, डोकं चालवू नकोस," म्हणाला. तिने भरलं. मीही भरलं. माल गेला आणि परत आला, कारण एकाही गाडीचा इंडिकेटर उघडमीट करेना.

मॅनेजर खाली आले तेव्हा फळीवर बरोबर चित्र चिकटवलेलं होतं. पहिला कागद कुठे गेला ते घड्याळवाल्यालाच ठाऊक. मी मॅनेजरना सांगितलं, माझ्या शेजारच्या दोघींनी सांगितलं. मॅनेजरनी फळीकडे बोट दाखवलं आणि विचारलं, मग हे काय आहे? घड्याळवाला खाली मान घालून म्हणाला, "साहेब, बाईचं वय झालं, नजर कमी झाली. बाकीच्या तिचंच बघून भरतात." अक्का कंत्राटी होती. गेटवर तिचा पास काढून घेतला, तोही नेमका शिफ्ट बदलायच्या वेळी. एक पाळी बाहेर पडत होती, एक आत येत होती, आणि चुकीचा माल भरणारी बाई म्हणून सगळ्यांनी तिला बघितलं. ती रडली नाही. तिने गेटकडे असं निरखून पाहिलं की वॉचमनच बाजूला झाला.

महिन्याभरात ती परत आली. गेटाच्या आत नव्हे, समोर. रस्त्यापलीकडे एका शेतकऱ्याचा उरलेला तुकडा होता. कंपन्यांना जमीन देऊन त्याच्याही मनात बरंच काही साचलं होतं. "बस की अक्का, कोण उठवतंय बघतो," म्हणाला. तिने चार पत्रे उभे केले, एक बॅटरी मांडली, फ्लॅशरचा खोका ठेवला आणि पाटी लावली: इंडिकेटर दुरुस्ती, कंपनीतून काढलेल्या बाईकडून. चाकणला मोटारसायकलींची काय कमी! फ्लॅशरबाई हे नाव तिला गिऱ्हाइकांनीच दिलं.

काम ती मन लावून करायची, कारण त्या कामातच तिचा सूड होता. इंडिकेटर भराभरा लुकलुकत असेल तर ती आधी बल्ब बघायची. एखादा गेला असला की बाकीचे असेच पळतात. हौशी पोरांनी एलईडी बसवलेले असले की म्हणायची, "दिवं नवं घेतलं, फ्लॅशर जुनाच ठिवला, मग तो पिसाळणारच की भावा." दिवा मुळी लागतच नसेल तर बाजूचं कव्हर काढून फ्लॅशर उपसायची आणि त्याच्या जागी वायरीचा तुकडा जोडायची. दिवा नुसता पेटून राहिला की वायरी शाबूत आहेत, फ्लॅशर मेलाय. मग नवा लावताना गिऱ्हाइकाला खाली बसवून दाखवायची, "ही आणणारी, ही नेणारी. उलटी घातली की संपलं. त्या समोरच्या कंपनीत एकदा सगळा मालच उलटा भरवला होता. कुणी? इचारा की मला!" गिऱ्हाईक विचारायचंच, आणि गोष्ट ऐकल्याशिवाय त्याची गाडी सुटत नसे.

गाडी तपासायची तिची रीतही वेगळी. दुरुस्त झालेली गाडी घेऊन गिऱ्हाइकाने कंपनीच्या गेटसमोरून इंडिकेटर चालू ठेवून, हॉर्न वाजवत एक चक्कर मारायची. तेव्हाच ती हातातलं फडकं खाली ठेवायची. तिने पत्र्यावर इंडिकेटरचे दोन मोठे दिवे लावले होते, त्यांचं बटण तिच्या पायाशी. घड्याळवाला गेटातून बाहेर आला की ती पायानेच बटण दाबायची. तो डावीकडे वळला तर डावा दिवा लुकलुके, उजवीकडे वळला तर उजवा. "साहेब, सांभाळून! बरोबर बाजूनं जावा!" अख्खी पाळी हसायची. मी तोवर दुसऱ्या कंपनीत लागले होते, तरी तो तमाशा बघायला वाट वाकडी करून यायचे. हसण्यात माझा आवाज सगळ्यात मोठा असे, आणि त्याचं मला अजून समाधान आहे.

त्याने पुष्कळ उपाय केले. अतिक्रमणवाले आणले, तर त्या शेतकऱ्याने सातबारा त्यांच्या पुढ्यात धरला. दिवाळीला काजूकतलीचा खोका पाठवला, तर तिने तो गिऱ्हाइकांना वाटला आणि प्रत्येकाला सांगितलं, "घ्या, चोरानं पाठवलीय." शेवटी एका रविवारी तो बायकोला घेऊन तिच्या घरी गेला. मी तिथेच होते, शेंगा निवडत. तो खाली बसला आणि तिचे पाय धरले. "चुकलं अक्का. नोकरी गेली असती माझी, हप्ते होते, पोरं लहान होती."

अक्काने त्याचे हात सोडवले, त्याच्या बायकोला कुंकू लावलं, दोघांना चहा दिला. मग म्हणाली, "हे मला ठाऊकच हाय. मला सांगून काय उपेग? ज्यांनी मला भाईर काढताना बघितलं, त्यांना सांग. गेटावर. पाळी सुटताना."

"माझी इज्जत जाईल हो."

"माझी कुठं गेली ती? तिथंच पडलीय अजून."

तो उठून गेला. त्याची बायको रडत होती. माझं मन जरा हललं म्हणून मी म्हटलं, "अक्का, आला तर होता बिचारा." तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "तुलाबी बिचारा वाटतोय तर तू त्याच्या गाडीवर मागं बसून जा," म्हणाली, आणि पुढची दिवाळी येईपर्यंत माझ्याशी बोलली नाही. मी दिवाळीला फराळ घेऊन गेले, तेव्हा फराळ ठेवून घेतला, पण 'बिचारा' हा शब्द परत तोंडातून काढायचा नाही, असं कबूल करून घेतलं.

यंदाच्या थंडीत अक्का गेली. ताप अंगावर काढत दुकानात बसायची. दवाखान्यात नेईपर्यंत फुप्फुसं भरली होती. मला भेटू दिलं तेव्हा तिला बोलताना धाप लागत होती. तरी तिने विचारलं, "बोलला का गं तो?" मी नाही म्हणाले. खोटं बोलून तिला समाधान देता आलं असतं, पण अक्काशी खोटं बोलायची छाती मला कधीच झाली नव्हती. ती हुं म्हणाली आणि कुशीवर वळली. तिच्यावाचून मला ओरडणारं आता कुणी नाही, हे त्या कुशीवर वळण्यातच मला कळलं आणि मी बाहेर येऊन भिंतीला डोकं टेकून रडले.

दहाव्याला भीमेच्या घाटावर ही गर्दी! आमच्या लाइनवरच्या सगळ्या बायका, गिऱ्हाइकं, तो शेतकरी. आमच्याकडच्या रीतीप्रमाणे माईक होता. प्रवचन झालं, पुढाऱ्यांची श्रद्धांजलीची भाषणं झाली. घड्याळवालाही आला होता, मागे चपलांपाशी उभा. पिंड मांडले आणि कावळा काही शिवेना. पलीकडच्या झाडावर ढीगभर बसले होते, एकही खाली उतरेना. तिच्या मुलाने नातीच्या शिक्षणाचं वचन दिलं. सुनेने दुकान बंद करणार नाही म्हणून सांगितलं. कावळे ढिम्म. गुरुजी म्हणाले, "आणखी काही इच्छा राहिली असेल, आठवून बघा."

आठवायचं कशाला? मी मागे वळून पाहिलं. माझ्याबरोबर लाइनवरच्या सगळ्या बायका वळल्या. बघता बघता अख्खा घाट वळला. घड्याळवाला पुढे आला. पिंडापुढे हात जोडून तो काहीतरी पुटपुटला. मी त्याच्या हातात माईक दिला.

"उलटा कागद मी चिकटवला होता," तो म्हणाला. आवाज नदीच्या पल्याड गेला. "अक्कानं मला सांगितलं होतं. मी ऐकलं नाही. तिची काही चूक नव्हती." आणि तिथेच खाली बसून ढसाढसा रडला. पुष्कळांनी डोळे पुसले. झाडावरून एक कावळा खाली आला, पिंडाभोवती दोन उड्या मारल्या, भाताकडे मान वाकडी करून पाहिलं आणि उडून परत फांदीवर जाऊन बसला.

शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला. लोक उठले. घड्याळवाल्याने तोंड धुतलं, ओझं उतरल्यासारखा मोठा श्वास सोडला आणि चपला शोधू लागला. आम्ही सगळ्या बायका त्याच्याभोवती जाऊन उभ्या राहिलो.

"साहेब," मी म्हणाले, "पहिली पाळी सुटायला अजून वेळ आहे. गाडी काढा, आम्ही येतो मागून. गेटावर."