चाळीस दिवस विचारायचं नाही

आईचे गुडघे सुजले, तेव्हा कुठे आमच्या घराला तिचं दुखणं पटलं. त्याआधी चार महिने ती भिंतीकडे तोंड करून पडून असायची. भाकरीचा तुकडा मोडून तसाच ठेवायची, रडायचीही नाही. तेव्हा मात्र सगळ्यांच्या मते ती आळशी झाली होती. वडील म्हणायचे, "काय कमी हाय तिला?" सूज दिसते, मन दिसत नाही, एवढंच आमच्या घरचं वैद्यक.

ही गोष्ट नव्वदीच्या सुरुवातीची, हसनाबादजवळच्या आमच्या गावातली. मी जालन्याला बी.एस्सी. करत होते आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी आले होते. "मनाचेही डॉक्टर असतात, त्यांना दाखवू," म्हटलं तर चुलते माझ्यावरच उखडले. "आईला येडी ठरवती का?" मग त्यांनीच वडीगोद्रीकडच्या एका झाडपाला देणाऱ्या म्हाताऱ्याकडून पुड्या आणल्या. अश्वगंधा, हळद, गुळवेल आणि आणखी काहीबाही. म्हाताऱ्यानं सांगून पाठवलं होतं, "सूज सांध्यातबी हाय अन् जीवातबी हाय. दोन्हीला एकच औषध, बराबर लागू पडतंय." ऐकून मी हसले होते. पुढे कितीतरी वर्षांनी वर्तमानपत्राच्या आरोग्य पुरवणीत वाचलं, की अंगातली सूज आणि उदासी यांचा काही संबंध असू शकतो आणि अशा वनस्पतींचा त्यासाठी अभ्यास चालू आहे. तेव्हा त्या हसण्याची लाज वाटली. म्हातारा अगदीच हवेत बोलत नव्हता.

पण त्याच्या पुडीला एक पथ्य होतं. चाळीस दिवस आजाराचं नाव काढायचं नाही, "कसं वाटतंय" म्हणून टोकायचं नाही. टोकलं की गुण जातो. काविळीच्या औषधालाही आमच्याकडे असलंच काही असायचं, त्यामुळे कुणाला नवल वाटलं नाही. पुडी द्यायला घरात हयगय व्हायची, पण हे पथ्य मात्र इतकं कडक पाळलं, की काही विचारू नका! आई ओट्यावर येऊन बसली की बोलणारे गप्प व्हायचे. शेजारणी दारातूनच परतायच्या. आणि मी, विज्ञान शिकणारी शहाणी, दुधात पुडी कालवून पेला तिच्यापुढे ठेवायचे आणि पाठ फिरवायचे. न जाणो, माझ्यामुळेच गुण गेला तर! आजही स्वतःचा संताप येतो.

तिसऱ्या आठवड्यात गुडघ्यांची सूज उतरली. आई चुलीपाशी बसून भाकरी थापायला लागली. वडिलांनी गावभर सांगितलं, चुलते टॉवेल-टोपी घेऊन म्हाताऱ्याला भेटून आले. ती अजून तशीच मुकी होती, हे एकाच्याही लक्षात येईना. काम होत होतं ना, मग झालं.

चाळीस दिवस भरले त्या सकाळी मी तिच्याजवळ जाऊन बसले.

"आई, कसं वाटून राह्यलं आता?"

पथ्याचं तिला कुणी सांगितलंच नव्हतं. सांगायचं तर आजाराचं नाव काढावं लागलं असतं.

"आज बोलली तू," ती म्हणाली. "मला वाटलं, तुमी समद्यांनी माझी आशा सोडली. मंग मीबी सोडल्ती."