मऊ केलेली खोली

माझा धाकटा भाऊ सोफे आणि खुर्च्या मढवतो. दिवसभर तोंडात बारीक खिळे धरायचे, एकेक काढायचा आणि ठोकायचा. त्यामुळे त्याला बोलता येत नाही. खिळे नसले तरी तो बोलत नाही, ती गोष्ट वेगळी. गल्लीत त्याला मौनीबाबा म्हणतात. घरातलं बोलायचं काम माझ्याकडे आहे आणि ते मी चोख करते.

त्याची मुलगी चार वर्षांची. एका जागी बसत नाही म्हणून भिंगरी. तिच्या अंगावर सारखे निळे डाग उठायचे, नडगीवर, दंडावर, पाठीवर. सगळे म्हणाले, धडपडी आहे. भावानं आपल्या अकलेनं उपाय केला. उरलेला फोम घेतला आणि आतल्या खोलीच्या भिंती, कपाटाचे कोपरे, दाराची मागची बाजू, सगळं रेक्झिन लावून मढवून टाकलं. वर बटणंसुद्धा लावली. भिंगरी भिंतीवर जाऊन आपटायची आणि खिदळायची. डाग काही कमी झाले नाहीत.

मग बालवाडीच्या बाईंनी तिच्या पाठीवरचा डाग बघितला आणि वर कळवलं. त्यांचं चुकलं असं मी आज म्हणणार नाही. तेव्हा म्हणाले होते, आणखीही पुष्कळ काय काय म्हणाले होते.

चौकशीला एक मॅडम आल्या. भाऊ पुढच्या खोलीत खुर्ची मढवत बसला होता.

"तुम्ही मुलीला मारता का?" मॅडमनी विचारलं.

तोंडात मूठभर खिळे. या भल्या माणसानं एकेक खिळा काढून डबीत ठेवला, डबीचं झाकण लावलं, ओठ पुसले आणि मग म्हणाला, "नाही."

तेवढा वेळ मॅडम त्याच्याकडे नुसत्या बघत होत्या. मी म्हणाले, "अहो, त्याला वेळ विचारली तरी तो असंच करतो."

"तुम्हाला विचारलेलं नाही," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी आतली खोली पाहिली. दार लावून घेऊन आतून हाक मारून बघितली. बाहेर काही ऐकू आलं नाही.

"ही खोली कशासाठी?"

"तिला लागू नये म्हणून."

"आतला आवाज बाहेर जात नाही."

"जात नाही," भाऊ म्हणाला, आणि मेल्याच्या चेहऱ्यावर चक्क आपल्या कामाचं कौतुक. मी कपाळावर हात मारून घेतला.

त्याच दुपारी भिंगरीला इस्पितळात ठेवलं. घरच्यांनी भेटायचं नाही. हाडांचे फोटो व्यवस्थित आले, रक्ताची पहिली तपासणीही व्यवस्थित आली. पोर ठणठणीत आहे हे ऐकून रडणारं आमचं पहिलंच घर असेल. आजार नाही म्हणजे मार, असा सरळ अर्थ होता. तिला दुसऱ्या कुणाच्या घरी वाढवायला द्यायचं, यावर बोलणं सुरू झालं. भावजयीनं जेवण सोडलं. भाऊ कामाला बसायचा, पण तोंडात खिळे धरेना. कुणी विचारलं तर लगेच बोलता यावं म्हणून. कुणी विचारलं नाही.

इकडे वॉर्डात नर्सनं रक्तदाब बघायचा पट्टा भिंगरीच्या दंडाला बांधला, फुगवला, सोडला. सकाळी दंडावर पट्ट्याएवढं निळं कडं. आमच्यापैकी तिथं कुणी नव्हतं. "मी काही केलं नाही हो," नर्स म्हणाली, आणि डॉक्टरीणबाईंना ते लगेच पटलं. त्याचा मला अजून राग आहे. पण त्यांनी त्या कड्याकडे बराच वेळ बघितलं आणि रक्त आणखी बारकाईनं तपासायला पाठवलं.

रक्त गोठायला वेळ लागतो, असा आजार निघाला. जन्मजात. जरा दाबलं, टेकलं तरी आत रक्त साकळतं.

"घरात कुणाचा घोळणा फुटायचा का सारखा?" डॉक्टरीणबाईंनी आम्हाला बोलावून विचारलं.

मी भावाकडे बघितलं. लहानपणी त्याच्या नाकातून रक्त आलं की आई उन्हाला शिव्या द्यायची. थंडीतसुद्धा उन्हालाच. त्याचंही रक्त घेतलं. त्याचंही तेच निघालं.

"म्हणजे माझ्यामुळेच," तो म्हणाला. माझ्या आठवणीत तो आपणहून बोललेला हा पहिलाच शब्द असावा.

"यात तुमची काही चूक नाही," मॅडम म्हणाल्या. घरी न्यायच्या कागदावर सही करायला त्या आल्या होत्या.

तेवढ्यात नर्सनं भिंगरीला बाहेर आणलं. ती धावत आली. बाकावर बसलेल्या भावानं दोन्ही हात पाठीमागे घेतले. इतके दिवस सगळ्यांनी त्याचे हातच बघितले होते.

हात पुढे येत नाहीत म्हटल्यावर ती स्वतःच त्याच्या मांडीवर चढून बसली आणि त्याचा एक हात ओढून पुढे आणला. रक्त काढलं होतं तिथं कोपराच्या आतल्या बाजूला निळं पसरलं होतं. तिनं त्यावर बोट ठेवलं. मग महिनाभर मोठी माणसं तिला जसं विचारत आली होती, अगदी तसंच, तोंड जवळ नेऊन हळू आवाजात तिनं विचारलं, "कुणी मारलं तुला? सांग मला. घाबरू नको."

मॅडमनी पेनचं टोपण लावलं, परत काढलं.

"कुणी नाही," भाऊ म्हणाला. लगेच म्हणाला.