कागदावर सर, वर्गात मॅडम

“कागदावर बिराजदार सर, वर्गात तुम्ही,” प्राचार्य म्हणाले. “तुमचं शिकवणं काही थांबत नाही. मग अडचण काय?”

मी त्यांच्या केबिनमध्ये उभीच होते. बसा म्हणायचं त्यांना सुचलं नव्हतं, आणि आता मलाही बसायचं नव्हतं.

सोलापुरातल्या एका कॉलेजात मी स्त्री-अभ्यास शिकवते. विभाग म्हणजे एक खोली, एक कपाट आणि मी. या पेपरचा अभ्यासक्रम मी लिहिला, विद्यापीठात खेपा घालून मंजूर करून आणला, वर्गावर्गात फिरून मुलं गोळा केली. पण मी आहे तासिका तत्त्वावर. म्हणजे नोकरी कायम नाही. दरवर्षी नवी ऑर्डर निघते, तीही माझ्या नावावर तास असले तरच.

बिराजदार सर भूगोलाचे, कायम. त्या वर्षी भूगोलाला मुलं कमी आली आणि सरांचा वर्कलोड कमी पडला. कायम प्राध्यापकाला आठवड्याचे ठरलेले तास दाखवावे लागतात. ते भरले नाहीत तर तो अतिरिक्त ठरतो आणि त्याला कुठंही पाठवता येतं. सरांचे तास भरायला प्राचार्यांना माझा पेपर सापडला. म्हणजे शिकवायचं मी, अनुभव जमा होणार सरांच्या नावावर, आणि पुढच्या वर्षी मला ऑर्डर द्यायला कारणच उरणार नाही.

“सर, हेच मी पहिल्या युनिटला शिकवते,” मी म्हणाले. “शेतात बाईनं राबायचं आणि सातबारा नवऱ्याच्या नावावर.”

“बघा, उदाहरण पण आयतंच मिळालं की,” ते हसले. “आणि बायकांचा विषय, त्यात अवघड ते काय? सगळ्यांच्या घरी बायका आहेत.”

सांगोल्याच्या बाजारात आईबरोबर शेळ्या विकून मी फी भरली आहे. गिऱ्हाईक जनावराला नावं ठेवायला लागलं की आवाज चढवायचा नाही, फक्त दावं घट्ट धरायचं, हे मला लहानपणापासून माहीत आहे. तरी त्या दिवशी आवाज चढला. जमीन तर सगळ्यांच्याच पायाखाली असते, मग भूगोलही कुणीही शिकवावा, असं मी त्यांना ऐकवलं. नाव सरांचं असेल तर तासही सरांनीच घ्यावेत, एवढं सांगून बाहेर पडले.

सर माणूस भला. दुधनीचे. फळ्यावर न बघता नदीखोरी काढतात. पण माझ्या वर्गात ते माझ्याच नोट्स मोठ्यानं वाचायला लागले. बिनपगारी कामाचं युनिट आलं तेव्हा श्रावणी उठली. तिची आई घरी बसून विड्या वळते. आईचं काम घरकाम धरायचं की मजुरी, असं तिनं विचारलं. घरात बसून केलेलं ते घरकामच, सरांनी सांगून टाकलं.

“मग आई दिवसभर नुसती बसून असते म्हणा की, सर,” श्रावणी म्हणाली.

वर्ग हसला. सरांनी नोट्स मिटल्या. पुढच्या तासाला निम्मे बाक रिकामे होते, आणि श्रावणीसकट काही मुली पेपर बदलायचा म्हणून माझ्याकडे आल्या. त्या गेल्या असत्या तर पेपरच बंद पडला असता. उठून सरळ वर्गात जावं असं फार वाटलं. गेले नाही. गेले असते तर प्राचार्यांना हवं तेच झालं असतं. मुलींना म्हटलं, थोडी कळ काढा.

शेवटी सरच आले. एरवी मला मॅडम म्हणणारा माणूस दारातूनच म्हणाला, “अक्का, मला यातनं सोडवा. पोरींसमोर तोंड उघडायला नको वाटतंय. पण तास गेले तर मला कुठं टाकतील?”

“सोडवते. पण प्राचार्यांपुढं बोलायचं तुम्ही.”

“काय बोलू?”

“पर्यावरणाचे तास मागा.”

पर्यावरणाचा पेपर सगळ्यांना सक्तीचा. ते तास प्राचार्यांच्या स्वतःच्या नावावर होते. त्या वर्गात ते कधी फिरकले नव्हते. दरवर्षी तासिकेवरची कुणीतरी तो वर्ग सांभाळायची, आधी दोन वर्षं मीच सांभाळला होता. सगळ्या स्टाफरूमला ठाऊक होतं. बोलत कुणी नव्हतं.

केबिनमध्ये सर चाचरत का होईना, पण बोलले. पर्यावरण आपल्या विषयाला जवळचं आहे, ते तास द्यावेत, मॅडमचा पेपर मॅडमना द्यावा. प्राचार्यांनी माझ्याकडे पाहिलं.

“हे तुम्ही शिकवलंत यांना?”

“मी कागदावर नाही, सर. मी कशी शिकवणार?”

ते समोरचे कागद चाळायला लागले. मग मी सावकाश विचारलं, की तपासणीची कमिटी आली आणि पर्यावरण कोण शिकवतं असं तिनं मुलांनाच विचारलं, तर मुलांनी कुणाचं नाव सांगायचं. पुढं फार बोलावं लागलं नाही.

पेपर माझ्या नावावर आला, मुली वर्गात परतल्या, पुढच्या वर्षी ऑर्डरही निघाली. सर पर्यावरण झकास शिकवतात. प्राचार्यांनी मात्र किंमत वसूल केली. विभागाची खोली परीक्षेच्या कामाला गेली, कपाट व्हरांड्यात आलं, आणि मुलींच्या वसतिगृहाची देखरेख माझ्या गळ्यात पडली. मी सगळ्याला हो म्हटलं. खोलीसाठी अजून भांडते आहे.

इतक्या वर्षांत एवढंच कळलं. नाव न मागता राबलं की कॉलेज तुम्हाला घरातली समजतं. नाव मागितलं की भांडखोर समजतं. पण ऑर्डर निघते ती भांडखोर बाईचीच.