रस्ता वर, दार खाली

आम्ही घर बांधलं तेव्हा मिस्त्रीने जोतं रस्त्यापासून दोन फूट उचलून घेतलं होतं. तीन पायऱ्या उतरलं की रस्ता. बघता बघता तोच रस्ता आमच्या घरातल्या फरशीपेक्षा दहा इंच वर गेला. घर खचलेलं नाही, भिंतीला एक तडा नाही. चढला तो रस्ता.

हिशेब अवघड नाही. आमचं तालुक्याचं गाव, गल्ली सोळा फुटांची. पहिल्यांदा खडी आणि डांबर आलं, रस्ता दहा इंच चढला. काही वर्षांनी त्यावर खड्डे पडले, तर खड्ड्यांसकट सगळ्यावर मुरूम, खडी आणि पुन्हा डांबर. आणखी आठ इंच. मग सिमेंटचा रस्ता मंजूर झाला. गुत्तेदाराने खालचं काही काढलं नाही, वरच भर घातली आणि काँक्रीट ओतलं. सोळा इंच. एकूण चौतीस. आमचं जोतं चोवीस. बँकेत नोकरी करणाऱ्या माणसाला एवढी वजाबाकी जमते. रस्ता बांधणाऱ्यांना का जमू नये, हे मला आजतागायत कळलेलं नाही.

लोक दाराच्या चौकटीवर लेकरांच्या उंचीच्या खुणा करतात. मी गेटच्या खांबावर रस्त्याच्या केल्या. लेकीची वाढ केव्हाच थांबली, ती शिकून पुण्याला नोकरीला लागली. रस्ता वाढतच राहिला.

पावसाचं पाणी घरात यायचं ते वेगळं. त्याला मी पोती लावायचो. माझं खरं दुखणं आईचं होतं. तिला आम्ही सगळे माय म्हणतो. वय ऐंशीच्या आसपास, कान शाबूत, जीभ त्याहून शाबूत, फक्त पाय थकलेले. गल्लीच्या टोकाला विहार आहे. संध्याकाळी वंदनेला जायचं आणि नंतर पारावर बायांशी बोलत बसायचं, हा तिचा दिवसभरातला एकमेव कार्यक्रम. दुसऱ्या डांबरानंतर रस्ता आणि आमची फरशी यांत सहाच इंच उरले होते. तेव्हा ती खूश झाली होती. "आता बराबर झालं बघ," म्हणाली. एक पाय टाकला की रस्त्यावर.

मग सिमेंट आलं आणि दारातून निघून रस्त्यावर *चढायची* वेळ आली. मी गेटात उताराचा धक्का करून घेतला. जागा कमी, म्हणून उतार तीव्र. एका पावसाळ्यात माय तिथे घसरली आणि मनगट मोडलं. प्लास्टर निघालं, पण धीर परत आला नाही. त्यानंतर ती बाहेर जायची ती माझ्या किंवा बायकोच्या खांद्यावर भार देऊन, आणि आम्ही दोघं कामावरून घरी यायचो तेव्हा वंदना संपलेली असायची.

मागच्या वर्षी तिला दोन महिने लेकीकडे पुण्याला ठेवलं. लेक रस्त्यांचे नकाशे काढणाऱ्या एका कचेरीत काम करते. तिच्या घरासमोरचा रस्ता नुकताच नव्याने केलेला होता. जुनं डांबर आधी खरवडून काढलेलं, म्हणून रस्ता घरांच्या खालीच राहिलेला. दोन्ही बाजूंना रुंद फुटपाथ, प्रत्येक गेटापाशी तो अलगद उतरवलेला. पहिल्याच आठवड्यात माय काठी घेऊन एकटी कोपऱ्यावरच्या बागेत जाऊन आली. कोणाला न सांगता. लेक घाबरली, मी मात्र सुट्टीत गेलो तेव्हा टेप घेऊन फुटपाथ मोजायला बसलो.

वॉचमन धावत आला. "काका, काय हरवलं?"

"हरवलं काही नाही. तुमचा रस्ता मोजून राहिलो."

"कशासाठी?"

"आमच्याकडं न्यायचा आहे," मी म्हणालो. त्याने माझ्याकडे जसं पाहायला हवं तसंच पाहिलं.

लेकीला विचारलं, एवढं मोठं शहर, एवढी गर्दी, इथे जमतं आणि आमच्या सोळा फुटांच्या गल्लीत का जमत नाही? ती म्हणाली, "बाबा, इथंही सगळीकडं जमलेलं नाही. हा एक रस्ता जमला, कारण नवीन घालायच्या आधी जुनं काढलं. बाकी पुष्कळ ठिकाणी तुमच्यासारखंच आहे." उताराचं गणितही तिनेच सांगितलं. एक फूट चढायचं तर बारा फूट लांबी हवी, तरच म्हातारं माणूस किंवा चाकाची खुर्ची बिनधोक जाते. माझ्या गेटातल्या धक्क्याला दहा इंचांसाठी अडीच फूट मिळाले होते. दहा फूट हवे होते. म्हणजे मायचं मनगट मी फुटाला बाराचं गणित न शिकलेल्या अंदाजाने मोडलं म्हणायचं. पण तो धक्का करायची वेळ माझ्यावर कोणी आणली, हेही मोजा.

एवढं असूनही माय पुण्यात राहायला तयार नव्हती. "इथं चालता येतं," म्हणाली, "पन चालून जायचं कोनाकडं? माझ्या बाया थितं गावात हायेत." आम्ही तिला परत आणलं आणि ती पुन्हा घरात बसली. जेवताना एकदा म्हणाली, "थितं मी मानूस होते. इथं गाठोडं झाले. कोनी उचललं तर हालायचं."

त्याच आठवड्यात बातमी आली की गल्लीला नवा रस्ता मंजूर झाला आहे. सिमेंटला तडे गेले होते, म्हणून त्यावर आणखी एक सिमेंट. बारा इंच. म्हणजे आमचं घर बावीस इंच खड्ड्यात.

मी नगरपालिकेच्या कार्यालयात गेलो. इंजिनिअर तरुण होता, वाईट माणूस नव्हता. मी म्हणालो, जुना खोदून काढा आणि मग नवा करा. तो म्हणाला, "खोदलं की नळाच्या पाइपलाइनी फुटतात. मग पाण्यासाठी तुम्हीच भांडायला येता." मी म्हणालो, भांडायला येणार नाही, हंडे भरून ठेवू. तो हसला. "तुमच्या एकट्याचं नाही चालत. रविवारी मी गल्लीत येतो. सगळे हो म्हणाले तर खोदतो. एकानेही अडवलं तर आहे त्यावर टाकून मोकळा."

मला वाटलं, जिंकलो. रस्ता खाली राहिला तर कोणाचं काय बिघडतं? इथे माझा हिशेब चुकला. रस्ता दर वेळी चढतो हे गल्लीला माझ्याइतकंच ठाऊक होतं. फक्त त्यांनी त्यावर वेगळा उपाय केला होता. ज्याने त्याने आपलं घर वर उचललं होतं. कोणी अंगणात मुरूम भरला, कोणी ओटा वाढवला, आणि प्रत्येकाने शेजाऱ्यापेक्षा वीतभर जास्त, म्हणजे पाणी शेजाऱ्याकडे जावं. समोर बसचे ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेले एक गृहस्थ राहतात. सगळे त्यांना ड्रायव्हरकाका म्हणतात. त्यांनी नवं घर बांधताना जोतं चांगलं चार फूट घेतलं. आता रस्ता खाली गेला तर ही सगळी घरं हवेत.

रविवारी सकाळी गल्ली रस्त्यावरच जमली. मायला घरात ठेवावं असं माझ्या मनात होतं, पण ती ऐकेना. मी आणि बायकोने प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून तिला वर उचलून आणलं. इंजिनिअर आला. मी माझा हिशेब मांडला, चौतीसचा आणि बावीसचा.

ड्रायव्हरकाकांनी सगळं शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, "भाऊ, तुमाला रस्ता नको का?"

"रस्ता पाहिजे. वर नको."

"मी जोतं चार फूट काहून घेतलं? रस्ता वर येनार म्हनून. आता तुमी म्हनता खाली घ्या. मंग मी काय माळ्यावर राहून राहिलो काय?"

लोक हसले. मी म्हणालो, "काका, दर वेळी फूटभर चढला तर चार वेळात तुमचंही जोतं बुडतं."

"तवर मी कुठं ऱ्हातो, भाऊ!"

"तुमचं पोरगं राहील ना."

"पोरगं पुन्याला हाय. थितं त्यानं सातव्या मजल्यावर घर घेतलं. थितवर रस्ता पोचत न्हाई."

आता तर लोक खदखदून हसायला लागले. इंजिनिअरने घड्याळाकडे पाहिलं. माझं डोकं तापलं होतं. मी बोललो असतो तर वाईट बोललो असतो, तेवढ्यात माय बोलली.

"तुझी बायको कुठं हाय रे?"

ड्रायव्हरकाका गडबडले. "घरातच हाय, माय."

"विहारात काहून येत न्हाई? आखाडी पुनवेपासून दिसली न्हाई."

"घुडघे धरलेत तिचे. पायऱ्या उतरवत न्हाईत."

माय म्हणाली, "मला चढवत न्हाई. तिला उतरवत न्हाई. मंग मधात हा रस्ता कोनासाठी केला?"

मागून कोणी तरी म्हणालं, "गाड्यांसाठी, माय."

"गाड्या वंदनेला येतेत व्हय?"

या वेळी हशा वेगळ्या बाजूने आला. आणि वरून, चार फुटांच्या ओट्यावरून, ड्रायव्हरकाकांच्या बायकोचा आवाज आला. त्या दाराला धरून उभ्या होत्या, कधीपासून कोण जाणे. "हो म्हना की! मला कोंबडीवानी माळ्यावर बसवून ठेवलंय, अन् वरून जोत्याचा तोरा सांगून राहिले."

"खोदलं तर पायऱ्या अजून वाढतेत, कळतं का तुला?" ड्रायव्हरकाका ओरडले.

"आताबी उतरत न्हाई, मंगबी उतरनार न्हाई. निदान माय तरी हिंडल."

हे बोलणं ऐकून मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. त्यांचं खरं होतं. माझी माय बाहेर यायची तर त्यांना आणखी एक फूट वर अडकायचं, असा तो व्यवहार होता. दुसऱ्या डांबराच्या वेळी कोणी जुनं खरवडलं असतं तर दोघींपैकी कोणालाच काही द्यावं लागलं नसतं.

ड्रायव्हरकाका कोणाकडे न पाहता म्हणाले, "करा काय करायचं ते." इंजिनिअरने तेच होकार म्हणून धरलं. काम झालं. पाइपलाइन फुटली, तीही दोनदा. गल्ली मला येता-जाता बोलली, मी हंडे भरून ठेवले. नवा रस्ता आमच्या फरशीच्या दोन इंच खाली आला. मी बादलीभर पाणी ओतून ते नालीकडे जातं का पाहिलं. गेलं.

मग एका सकाळी ड्रायव्हरकाका गेटाशी आले. आमच्यात तेव्हा फारसं बोलणं नव्हतं. "भाऊ, तो उतार किती म्हनले होते तुमी? पुन्याचा?"

"फुटाला बारा फूट. तुमचं आता पाच फूट झालं. साठ फूट लागतील."

"गल्ली सोळाची हाय."

"हो."

"मंग मी उतार काय वसमतपस्तोर नेऊ?"

बराच वेळ आम्ही दोघं त्यांच्या अंगणात टेप धरून उभे राहिलो. शेवटी गाडी लावायची जागा मोडायची ठरली. तिथे भिंतीच्या कडेने बुटक्या, रुंद पायऱ्या आल्या, दोन्ही बाजूंना लोखंडी दांडी लावून. त्या रस्त्यावर मी एक इंचही येऊ दिल्या नाहीत. त्यावरून आमचं पुन्हा वाजलं, ते सोडा.

शेजारच्या गल्लीत मागच्या महिन्यात जुन्यावरच नवा रस्ता टाकला. मी टेप घेऊन समजवायला गेलो होतो. एकजण म्हणाला, "तुमचीच गल्ली खड्ड्यात गेली, भाऊ. आमाला काहून वढता?" मी परत आलो.

संध्याकाळी माय दोन इंच उतरून एकटी बाहेर पडते आणि समोरच्या पायऱ्यांच्या तळाशी काठी टेकून उभी राहते. ड्रायव्हरकाकांच्या बायकोला खाली यायला विहारापर्यंत चालण्याइतकाच वेळ लागतो. परवा मागे एक मोटारसायकलवाला हॉर्न वाजवत होता. माय वळली नाही. वर पाहतच त्याला म्हणाली, "थांब रे जरा. मानूस उतरून राहिलं."