एक तास बोलायचं नाही

पीएच.डी.ची पेट, म्हणजे प्रवेश परीक्षा पास झाले तेव्हा वाटलं, आता सुटले. पण खरी दगदग गाईड मिळवायची होती. नांदेडात तीन प्राध्यापकांचे उंबरठे झिजवले. एक म्हणाले, जागा भरल्या. दुसरे म्हणाले, जागा आहे, पण विषय बदला. तिसऱ्यांनी माझा कागद वाचला आणि हसून विचारलं, "भुतांवर संशोधन करता का?"

माझा विषय होता जमिनीखालून येणारे आवाज. नायगावकडच्या आमच्या खेड्यात ते मी लहानपणापासून ऐकत आले. लांब कुठंतरी दगडांनी भरलेली ट्रॉली रिकामी करावी तसा आवाज येतो. फळीवरची भांडी थरथरतात. माणसं अंगणात येऊन उभी राहतात, एकमेकांकडं बघतात आणि परत आत जातात.

लातूरच्या एका भूशास्त्राच्या सरांना मेल केला, तर दुसऱ्याच दिवशी जवाब आला. "रविवारी दुपारी घरी या. एक तास बोलायचं नाही."

आई म्हणाली, "असला कसला इंटरव्ह्यू? बाईमाणूस हाय का घरात, ते बघ आधी. न्हाई तर दारातूनच माघारी फिर."

दार काकूंनी, म्हणजे सरांच्या बायकोनं उघडलं. सर रिटायर व्हायला आले होते. कानाला मशीन लावून कॉलेजात तास घेत. मला खुर्चीवर बसवून त्यांनी ते मशीन काढलं आणि डबीत ठेवलं.

"याच्यातून माणसं ऐकू येतात," ते म्हणाले. "जमिनीखालचा तो आवाज नाही येत. कान गेल्यापासून मी तो ऐकला नाही. तुम्ही बसा. आला, की हात वर करा."

फॅन बंद केला. फ्रिजचा प्लग काढला. सर समोर बसले, अनवाणी पाय शहाबादी फरशीवर सपाट टेकवून. ते माझ्या तोंडाकडं बघत नव्हते. एकदा डाव्या कानाकडं बघत, एकदा उजव्या. मला माझंच रक्त ऐकू यायला लागलं. दोनदा वाटलं, आला. दोन्ही वेळा काहीच नव्हतं.

मग तो आला. गावाकडच्यासारखा लांबून नाही. अगदी माझ्या खुर्चीखालून. तांब्यातलं पाणी हललं, खिडकीची काच बारीक गुणगुणली. मी सरांकडं पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावरची रेघही हलली नव्हती. मी हात उचलणार, तेवढ्यात त्यांच्या पाठीमागं स्वयंपाकघराच्या दारात काकू दिसल्या. ओठांवर बोट ठेवून त्या मान हलवत होत्या. नको, नको.

माझा हात मांडीवरच राहिला.

तास संपला. सरांनी मशीन लावलं. "नाही ना आला?"

मी नकारार्थी मान हलवली. संमतिपत्रावर सही करायला ते पेन शोधत आत गेले, तशा काकू जवळ आल्या.

"बरं केलंस, पोरी. आधीच्या एकीनं हात वर केला, तर हे तसेच अनवाणी पळत सुटले. दुसऱ्या दिवशी घावले. रेणापूरच्या रस्त्याला, एका शेतात, जमिनीला कान लावून पालथे पडलेले. उठवलं तर मला ओळखंनात. लई वेळ."

सरांनी सही करून दिली. विषयाबद्दल एक शब्द विचारला नाही. नांदेडच्या एस.टी.त मी तो कागद मांडीवर घेऊन बसले, आणि इंजिनाच्या घरघरीखाली दुसरं काही वाजतंय का, ते ऐकत राहिले. ती सवय अजून गेलेली नाही.

विद्यापीठाच्या समितीपुढं उभं राहायच्या आधी मला राहवेना. कॉलेजात त्यांच्या केबिनमध्ये जाऊन सांगून टाकलं. "सर, त्या दिवशी तो आला होता. मी खोटं बोलले."

"माहीत आहे," ते म्हणाले. "तुमच्या मागच्या कपाटाच्या काचेत ती दिसत होती मला. ओठांवर बोट ठेवून."

"मग सही कशी केलीत?"

त्यांनी टेबलावर तळहात सपाट टेकवला. "तो ऐकूनही तुम्ही खुर्चीतून उठला नाहीत. मला ते जमत नाही."

समितीनं विषय मंजूर केला. आता महिन्यातल्या एका रविवारी मी लातूरला जाते. काकू दाराला आतून कुलूप घालतात आणि किल्ली कमरेला खोचतात. मी हात वर करत नाही. वहीत फक्त वेळ लिहिते आणि तास झाल्यावर वही सरांपुढं ठेवते. मागच्या खेपेला दोन नोंदी होत्या. पहिली त्यांनी शांतपणे वाचली. दुसरीवर बोट ठेवून ते म्हणाले, "ही मला पायांना कळली." मग फरशीवरचे दोन्ही पाय उचलून त्यांनी खुर्चीवर घेतले आणि काकूंना चहा टाकायला सांगितला.